बेनितोची जागा

आमच्या प्रकाशा गावच्या फुटबॉल टुर्नामेंटचा एक नियम आहे. प्रत्येक गावाला एक खेळाडू बाहेरचा आणता येतो. कुणी सुरतेचा आणतं, कुणी जळगावचा. यंदा मी स्पेनचा आणला. मी म्हणजे मोहिनी, शहाद्याच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका, प्रकाशाच्या संघाची प्रशिक्षक आणि पाटलांची थोरली सून. तिन्ही कामं मी झकास करते, कुणी विचारो न विचारो.

बेनितो साल्सेदो गोव्यातल्या एका क्लबकडून खेळत होता. तिथल्या शिबिरात त्याने आम्हा प्रशिक्षकांना शिकवलं होतं. जानेवारीत त्याचा करार संपला आणि तो मायदेशी निघाला, तेव्हा मी त्याला फोन केला. आम्ही फायनलला पोचलोय, एक मॅच खेळून जा. तो लगेच हो म्हणाला.

नंदुरबार स्टेशनवर त्याला घ्यायला मी आणि माझा दीर भूपेंद्र गेलो. येताना बेनितोला शेतात वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी दिसल्या आणि त्याने गाडी थांबवायला लावली. त्याच्या गावीही मिरची वाळवतात म्हणे, फक्त धुरावर. खाली उतरून त्याने एक मिरची चावली आणि डोळे पुसत हसत परत आला. इथवर सगळं छान चाललं होतं.

भूपेंद्रची केळी आहे, ऊस आहे आणि संघाचा सगळा खर्च तोच करतो. गाडी सुरू करता करता त्याने विचारलं, "वहिनी, यान्हा आतेपावत कितला गोल शेत?"

मी इंग्रजीत विचारलं. बेनितो म्हणाला, "चार."

"या वरीसमा?"

"अठरा वरीसमा," मी त्याला विचारून सांगितलं. "त्यामातला एक पाठले लागीसन गयता."

भूपेंद्रने गाडी पुन्हा बाजूला घेतली. "वहिनी, मी बॅनर लाई बसनू ना!"

बॅनर मी प्रकाशाच्या स्टँडवर पाहिलं. बेनितोचा फोटो, त्याच्या शेजारी त्याहून मोठा भूपेंद्रचा फोटो आणि खाली हातभर अक्षरांत 'स्पेनचा गोलसम्राट प्रकाशात!' मला हसू आवरेना. भूपेंद्र मात्र बॅनरकडे न बघता गाडी पुढे दामटत होता.

त्या रात्री जेवताना माझ्या सासूबाईंनी, सरलाबाईंनी, बेनितोच्या ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली आणि शेवभाजी वाढतच राहिल्या. "खाय रे भाऊ, खाय, कितला दूरथून उना." तो खात होता आणि मी विचारेन तसं सांगत होता. वडील एसटीसारख्या गाडीवर ड्रायव्हर. पंधराव्या वर्षी मोठ्या क्लबच्या शाळेत निवड. जागा मधल्या फळीत, तीही मागची. समोरच्याचा चेंडू काढून घ्यायचा, आपल्या माणसाला द्यायचा आणि परत जागेवर जायचं. एवढंच काम, पण ते त्याला असं जमायचं की त्याच्या संघाचा गोलकीपर अर्धा वेळ नुसता उभा असायचा.

एकोणिसाव्या वर्षी पहिल्या श्रेणीच्या क्लबने त्याला घेतलं. तिथल्या प्रशिक्षकसाहेबांनी त्याची जोरदार किक पाहिली आणि त्याला पुढे लावलं, गोल करायला. त्याने हो म्हटलं. अख्ख्या मोसमात एक गोल झाला नाही. घरच्याच मैदानावर लोकांनी त्याच्यावर शिट्ट्या वाजवल्या, आणि तिकडे शिट्टी म्हणजे शिवी. मग तिसऱ्या श्रेणीत रवानगी झाली. तिथे पाच वर्षं धूळ खाल्ल्यावर एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाने त्याला परत मधे आणलं. तिथून तो दुसऱ्या श्रेणीत चढला, मग पहिल्या. दोन मोसम तो स्पेनच्या सर्वात वरच्या लीगमध्ये खेळला. पुढे सायप्रस, पोलंड, गोवा.

"रविवारची मॅच माझी शेवटची," तो म्हणाला. "त्यानंतर बूट घालणार नाही. ती मला माझ्या जागेवर खेळायची आहे."

"खेळशील," मी म्हटलं. त्यात काय एवढं, असं मला त्या वेळी वाटलं.

रविवारी सकाळी भूपेंद्र गावातले चार जण घेऊन अंगणात हजर. फायनल मोलगी गावाच्या संघाशी होती. मोलगीचा गोवाल पुढे खेळायचा आणि त्याने प्रत्येक सामन्यात गोल केला होता. डोंगर चढून-उतरून कमावलेले पाय, वाऱ्यासारखा सुटायचा. त्याच्यासमोर आपला गोलसम्राट मागे उभा राहिला तर गावाची काय इज्जत राहील, असा एकूण सूर.

"वहिनी, त्याले पुढे लाय. लोके माले हासतीन."

"लोके तुले बॅनरसाठे हासतीन. संघ मी निवडस."

"खर्चा मी करस!"

"मंग तूच खेळ पुढे. पोट शे ना तेवढं, डिफेन्स आपोआप मांगे सरकी."

बरोबरचे चौघे हसले आणि तिथेच माझी चूक झाली. चारचौघांत पोटाचा विषय काढल्यावर भूपेंद्र इरेला पेटला. स्पॅनिश माणूस पुढे खेळला नाही, तर पुढच्या वर्षी संघाला दुसरा प्रशिक्षक, असं त्याने सांगून टाकलं. गेली सहा वर्षं हा संघ मी उभा केला होता. मी घाबरले, खोटं कशाला सांगू.

बेनितो ओट्यावर बसून बूट बांधत होता. भाषा कळत नसली तरी भांडण कळतंच. तो उठून माझ्याजवळ आला. "तुम्ही प्रशिक्षक आहात. पुढे खेळ म्हणालात तर मी खेळेन. मला सवय आहे."

ते ऐकून मला जो राग आला तो भूपेंद्रवर आला नाही, याच्यावर आला. "एकोणिसाव्या वर्षीही हेच म्हणाला होतास ना?"

तो परत ओट्यावर बसला. मग म्हणाला, "हो. हेच."

"मग आता तसं म्हणू नकोस. मधे खेळ. माझं मी बघते."

मैदान तापीच्या काठाला, एका अंगाला ऊस. ऊसतोड थांबवून माणसं आली होती. माइकवर छगन होता. आमच्याकडे माइकवाला नुसतं समालोचन करत नाही, तो बक्षिसंही पुकारतो. पहिला गोल करणाऱ्याला केळीचा घड, दुसऱ्याला टॉवेल-टोपी, तिसऱ्याला कोंबडा. चेंडू अडवणाऱ्याला आजवर कुणी काही दिलेलं नाही.

सामना सुरू झाला आणि बेनितो मधल्या वर्तुळाच्या जरा मागे उभा राहिला. लोक थोडा वेळ थांबले, मग ओरडायला लागले. "पुढे जाय ना भो!" "गोलसम्राट झोपना का?" छगनसुद्धा माइकवर म्हणाला की पाहुण्यांना आपलं मैदान लांब वाटत असावं. कुणीतरी शिट्टी वाजवली, मग दहा जणांनी वाजवली. बेनितोने एकदा शिट्ट्यांच्या दिशेने पाहिलं आणि दोन पावलं डावीकडे सरकला. पुढच्याच क्षणी गोवालकडे निघालेला चेंडू बरोबर बेनितोच्या पायाशी आला.

तेव्हापासून मी दुसरीकडे पाहिलंच नाही. तो धावत नव्हता. चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच असायचा. गोवाल उजवीकडून सुटला, तिथे हा. डावीकडून आला, तिथे हा. मोलगीची पोरं चेंडू पाठवायची ती गोवालला शोधून आणि चेंडू जायचा बेनितोकडे. मध्यंतरापर्यंत गोवालला एकदाही गोलकडे पायसुद्धा उचलता आला नाही. आमचा गोलकीपर खांबाला टेकून उभा होता.

उत्तरार्धात बेनितोने गोवालच्या पायातून चेंडू काढला, मान न वळवता आमच्या रेवजीला दिला, रेवजीने पुढे वाहरूला आणि वाहरूने जाळ्यात मारला. गुलाल उधळला गेला. छगन बेंबीच्या देठापासून वाहरूचं नाव घेत होता. बेनितो तोवर परत जागेवर जाऊन उभाही राहिला होता.

भूपेंद्र धावत माझ्याकडे आला. "वहिनी, आते तरी पुढे धाड त्याले! एक गोल त्यान्हा पाहिजेच!"

"आते तर मुळीच नही," मी म्हणाले आणि त्याला रेषेबाहेर ढकललं. शेवटपर्यंत एक-शून्य राहिलं. आम्ही जिंकलो.

वाहरूला केळीचा घड मिळाला, सामन्याचा मानकरी म्हणून ढालही मिळाली. भूपेंद्र सकाळचं भांडण विसरून वाहरूला खांद्यावर घेऊन नाचत होता. बेनितो रेषेपाशी बसून बुटाची नाडी सोडत होता. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं आणि त्याला त्याचं काही वाटतंय असंही दिसत नव्हतं. मलाच वाटत होतं, फार वाटत होतं.

मग उपविजेत्याचा चषक घ्यायला गोवाल आला. छगनने त्याच्या तोंडासमोर माइक धरला. "काय गोवालभाऊ, आज गोल कुठे गेला?"

घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारा गोवाल माइकवर शाळेतल्या मराठीत बोलला, सावकाश, एकेक शब्द निवडत. "गोल राहू द्या. आज मला चेंडूच मिळाला नाही. मी या टुर्नामेंटला चार वर्षं खेळतोय, मला असं कुणी अडवलं नव्हतं. तो माणूस आज सगळ्यात भारी खेळला." आणि त्याने हात लांब करून बेनितोकडे दाखवलं.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मी बेनितोला अर्थ सांगितला. गोवाल चषक छगनच्या हातात देऊन तडक आमच्याकडे आला आणि मला म्हणाला, "मॅडम, त्यांना विचारा ना, चेंडू कुठे येणार ते त्यांना आधी कसं कळतं? ते कुठे उभे राहतात ते मला दाखवतील का?"

मी विचारलं. बेनितोने नाडी सोडायची थांबवली. मग जर्सीने तोंड पुसलं.

"मॅच संपली की लोक माझ्याकडे यायचे," तो म्हणाला, "आमच्या फॉरवर्डची जर्सी मिळवून दे म्हणायला. हे मला कुणीच कधी विचारलं नाही."

मी हे गोवालला सांगितलं. सांगताना मलाच रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

मोलगीची जीप हॉर्न वाजवत होती, घाटात अंधार व्हायच्या आत निघायचं होतं. गोवालने हात वर करून ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. बेनितोने सोडलेली नाडी परत बांधली, गोवालच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं मैदानाच्या मधोमध चालत गेले.