पाहुणा पिवळ्या पट्टीपलीकडे

"'हेन्रिकजी' म्हणू नका, भैया. नुसतं हेन्रिक म्हणायचं," स्नेहलताने पुन्हा सांगितले.

"कोशिश तर करतोय," विश्वंभर म्हणाला. "पण तोंडातून निघतच नाही. साठीचा माणूस, इतक्या लांबून झाशीला आलाय, आणि मी त्याला नुसत्या नावानं हाक मारू? बाबांच्या कानावर गेलं तर जेवायला वाढणार नाहीत."

"नोकरी बाबा देणार नाहीयेत."

"तेही खरं." तो हसला, पण चहाचा कप अर्धाच ठेवून उठला.

कारखाना रेल्वेचे डबे एकमेकांना जोडणारे पोलादी कपलर बनवत असे. सहा वर्षांपूर्वी तो एका स्वीडिश कंपनीने विकत घेतला. कंपनीचे कारखाने अनेक देशांत होते आणि प्रत्येक दारावर तीच पाटी होती: इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, धोका दिसला की कुणीही कुणालाही थांबवतो. कारखान्याचा प्रमुख निवडताना तांत्रिक ज्ञानाची परीक्षा थोडक्यात उरकायची आणि ही पाटी माणसात किती मुरली आहे ते बघायचे, अशी तिथली पद्धत होती.

आठ महिने विश्वंभर हंगामी प्रमुख होता. निवड झाली तर तो झाशीतच राहणार होता. नाही झाली तर कंपनीचा नियम स्पष्ट होता: नाकारलेल्या हंगामी प्रमुखाला नव्या प्रमुखाच्या हाताखाली ठेवत नाहीत, दुसऱ्या कारखान्यात पाठवतात. दुसरा कारखाना तमिळनाडूत होता. प्रेम नगरातल्या घरी वडील होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, आता स्वतःच्या खोलीतून अंगणापर्यंतही कुणाचा हात धरल्याशिवाय न जाणारे. बायको अंबिका तिथल्याच शाळेत शिकवत होती. ही नोकरी हवी का, असे विश्वंभरला कुणी विचारले नव्हते. अर्ज करा म्हणून त्याच्या मागे लागली होती ती स्नेहलताच.

स्नेहलता रसायनशास्त्राची एम.एस्सी.; कारखान्याची प्रयोगशाळा तिच्याकडे होती. स्वीडनहून आलेल्या हेन्रिकच्या निवड समितीत कारखान्यातला एक माणूस असावा लागे, म्हणून तिला घेतले होते. विश्वंभर आमच्याच गल्लीत राहतो, मला वगळा, असे तिने कंपनीच्या गुरुग्राम कार्यालयातल्या इंदिराला सांगून पाहिले. इंदिरा भरतीची प्रमुख. ती म्हणाली, "तुमच्या झाशीत कोण कोणाच्या गल्लीत राहत नाही?"

परीक्षा काय आहे ते स्नेहलताला सकाळीच कळले होते. भट्टी विभागात फिरताना हेन्रिक बोलता बोलता मुद्दाम पिवळी पट्टी ओलांडून क्रेनच्या वाटेत उभा राहणार. वितळलेल्या पोलादाचे भांडे, लेडल, त्याच वाटेने साच्यांकडे जाते. उमेदवार काय करतो ते बघायचे. सकाळी गुरुग्रामच्या उमेदवाराने जराही न थबकता आरोळी ठोकली होती आणि इंदिराने समाधानाने मान हलवली होती. दुपारी विश्वंभरची पाळी होती. दोन ते तीन भट्टीतून धातू काढू नका, असे इंदिराने शिफ्ट ऑफिसला कळवले होते. कारण कळवले नव्हते; कळवले असते तर परीक्षा फुटली असती.

"धोका शून्य," इंदिरा म्हणाली होती.

स्नेहलताला तो शब्द खटकला. प्रयोगशाळेच्या अहवालात ती शून्य कधी लिहीत नसे. उपकरणाला सापडले नाही, एवढेच लिहीत असे. पण ती बोलली नाही.

अडीचच्या सुमाराला त्या दोघी भट्टी विभागाच्या वरच्या काचेच्या खोलीत उभ्या होत्या. खाली हेन्रिक आणि विश्वंभर चालत होते. हेन्रिक हातवारे करत काही विचारत होता, विश्वंभर किंचित वाकून उत्तर देत होता. तेवढ्यात स्नेहलताचा फोन वाजला. प्रयोगशाळेतली बकुळा होती.

"मॅडम, नमुना पास झाला. शिफ्टला कळवून टाकलं."

"कुठला नमुना?"

"सकाळी बत्ती गेली होती ना, तेव्हा भट्टीत अडकलेल्या धातूचा, त्या हीटचा. ते म्हणाले, अब और नहीं रोक सकते, भट्टी का अस्तर खा जाएगा."

नमुना पास झाला की लगेच धातू लेडलमध्ये ओततात. यात दुसरे काही होऊच शकत नव्हते. स्नेहलताने खाली पाहिले. भट्टीच्या तोंडाशी नारिंगी उजेड उसळला होता.

"इंदिरा, धातू काढतायत. थांबवा हे."

"तीनपर्यंत होल्ड आहे," इंदिरा मान वर न करता म्हणाली.

"होल्ड राहिलेला नाही. बघा तिकडे!"

इंदिराने पाहिले. मग हेन्रिककडे पाहिले. त्याने नुकताच पट्टीपलीकडे पाय टाकला होता. "पण... आत्ता मध्येच गेलं तर निवड रद्द करावी लागेल. हेन्रिकची संध्याकाळची गाडी आहे—"

स्नेहलता दार ढकलून लोखंडी जिन्यावर आली. भट्टीचा, पंख्यांचा, क्रेनचा आवाज एकदम अंगावर आला. तिने कठड्याला धरून हाक मारली. स्वतःची हाक तिला स्वतःलाच ऐकू आली नाही. ती उतरू लागली आणि उतरताना तिला सगळे दिसत राहिले.

हेन्रिक भट्टीकडे पाठ करून उभा होता. त्याच्यामागे खांबांच्या आडून भरलेले लेडल निघाले होते. विश्वंभरने ते पाहिले. त्याने हात पुढे करून, एखाद्याला बैठकीत बोलवावे तसे, हेन्रिकला आपल्या बाजूला बोलावले. हेन्रिकने मान हलवून नकार दिला. तो त्याची भूमिका वठवत होता. विश्वंभरने पुन्हा हात पुढे केला, या वेळी छातीवर दुसरा हात ठेवून. हेन्रिक हसला आणि जागचा हलला नाही.

ओरडा, स्नेहलता मनात म्हणाली. भैया, ओरडा.

विश्वंभरने पाहुण्याकडे पाठ केली, क्रेनच्या केबिनकडे तोंड केले आणि दोन्ही हात आडवे पसरून जोरात हलवले. सगळे तिथल्या तिथे बंद, अशी ती खूण. केबिनमधल्या रामसेवकने क्रेन जागच्या जागी रोखली. क्रेन थांबली, पण तिला लटकलेले लेडल थांबले नाही. ते पुढे झुलले, मागे आले, आणि त्याच्या ओठावरून धातूची एक जीभ साच्यांच्या बाजूला सांडली. तिथे उभा असलेला साचे भरणारा कामगार हरदयाल मागे उडी मारून पडला.

ती खाली पोचेपर्यंत हेन्रिक, मागे एकदाही न बघता, पट्टीच्या अलीकडे येऊन हातमोजे काढत होता. हरदयाल खांबाआड वाळूच्या ढिगावर बसला होता. पायावरच्या चामडी पट्ट्याच्या फटीतून एक थेंब आत गेला होता. नडगीवरची पँट जळून भोक पडले होते. विश्वंभर त्याच्यापाशी वाकला, एका पोराला म्हणाला, "दवाखाने ले जाओ, अभी," आणि परत पाहुण्याकडे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"चलायचं?" हेन्रिकने विचारले.

मुलाखतीच्या खोलीत चौघे बसले. हेन्रिकने आढेवेढे न घेता सांगून टाकले की ती परीक्षा होती, आणि विश्वंभर तिच्यात नापास झाला होता.

"मी धोक्यात उभा होतो. तुम्ही मला सांगितलं नाही."

"दोनदा सांगितलं," विश्वंभर म्हणाला.

"तुम्ही म्हणालात, इथून जास्त चांगलं दिसेल."

"तेच सांगणं होतं," विश्वंभर म्हणाला. "आमच्या घरी पाहुणा चपला घालून देवघरापाशी गेला तर चपला काढा असं कुणी म्हणत नाही. या, इकडे वारा छान येतो, बसा, असं म्हणतात. माणूस येतो. पुढच्या वेळी चपला दाराशी काढतो. मी लहानपणापासून हेच बघितलंय."

"आणि नाही आला तर?"

स्नेहलता म्हणाली, "हेन्रिक, क्रेन कुणी थांबवली ते विचारा."

"कुठली क्रेन?"

त्याला खरोखरच माहीत नव्हते. इंदिरा टेबलाकडे बघत होती. स्नेहलताने सांगितले: सकाळची अडकलेली हीट, पास झालेला नमुना, भरलेले लेडल. ती सांगत असताना हेन्रिकचे हात टेबलावर अगदी स्थिर झाले.

"म्हणजे माझ्या मागे..."

"हो."

मग हेन्रिक विश्वंभरकडे वळला. "आज मी जे केलं त्याबद्दल तुमचं मत काय? खरं सांगा."

"हेन्रिकजी, तुम्ही पाहुणे—"

"नाही. मत सांगा."

विश्वंभरने खुर्ची किंचित मागे सरकवली. तो बोलू लागला तेव्हा आवाज खालचा होता. चढला तो हळूहळू.

"तुम्ही माझ्या भट्टी विभागात नाटक केलंत. गरम धातू असलेल्या जागी. शिफ्टवाल्याला एक वाक्य सांगितलं असतंत तर त्यानं धातू अडवला असता, नाहीतर तुम्हाला अडवलं असतं. माझ्या फोरमननं असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तुम्ही त्याच्यापेक्षा मोठे आहात, म्हणून चूक लहान होत नाही, हेन्रिक."

शेवटचा शब्द बोलल्यावर तो स्वतःच दचकला.

हेन्रिक मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "दिवसभर मी याची वाट बघत होतो," तो म्हणाला. "पूर्वी कधी वरच्या माणसाला असं बोलला होतात?"

"नाही."

"म्हणजे शिकता येतं. माझं मत हो आहे. इंदिरा?"

"हो," इंदिरा पटकन म्हणाली. "नक्कीच."

"स्नेहलता?"

तिने विश्वंभरकडे पाहिले. त्यानेही तिच्याकडे पाहिले, आणि तिला समजले की आपण जिन्यावरून काय पाहिले ते त्याला ठाऊक आहे. तिने हो म्हटले असते तर विषय तिथेच संपला असता. हरदयालची नोंद दवाखान्यात झाली असती, छोटी भाजणूक, औषध लावून घरी पाठवला. तमिळनाडूचे नाव पुन्हा निघाले नसते. संध्याकाळी गल्लीत अंबिकाने पेढे वाटले असते. तिने आधी एक घोट पाणी घेतले.

"मत देण्याआधी एकच विचारायचंय. भैया, क्रेन थांबली तेव्हा साच्यांपाशी कोण होतं?"

इंदिराने भुवया उंचावल्या. विश्वंभरच्या जबड्याची शीर हलली. तो नाही म्हणू शकला असता. माणसे असतातच तिथे, एवढे म्हणून सोडून देऊ शकला असता.

"हरदयाल," तो म्हणाला. "लेडल झुललं, धातू सांडला. त्याच्या पायाला भाजलंय. मी त्याला दवाखान्यात पाठवलं आणि इकडे आलो. तुम्हाला सांगितलं नाही."

"क्रेन थांबवायची गरज होती?" हेन्रिकने विचारले.

"नव्हती. मी ओरडलो असतो तर तुम्ही दोन पावलं सरकला असतात आणि लेडल नेहमीसारखं गेलं असतं." त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "तुमच्या जागी हरदयाल असता तर मी त्याला कॉलर धरून ओढलं असतं. तुमच्यावर ओरडवलं नाही, म्हणून तुमच्या वाट्याचं त्याच्या पायावर गेलं."

त्याला बाहेर बसायला सांगितले.

हेन्रिक खिडकीपाशी गेला. "अपघाताचा अहवाल मी लिहीन," तो म्हणाला. "कारणांमध्ये पहिलं नाव माझं. दुसरं तुझं, इंदिरा." इंदिराने मान डोलावली, तिचे डोळे भरून आले होते. "पण पाच मिनिटांपूर्वी मी या माणसाला कारखाना देऊन टाकला होता, आणि एक कामगार जखमी आहे हे मला कुणीतरी विचारलं म्हणून कळलं. मी हो म्हणू शकत नाही."

"मीही," इंदिरा म्हणाली.

"माझं हो आहे," स्नेहलता म्हणाली.

"का? प्रश्न तूच विचारलास."

"उत्तर त्यांनी दिलं. विचारल्यावर एवढं स्वच्छ उत्तर देणारा दुसरा प्रमुख या कारखान्यात मी पाहिलेला नाही. गुरुग्रामच्या माणसाला ओरडता येतं. त्याला हे येतं का, ते आपण तपासलंच नाही."

हेन्रिकने ते ऐकून घेतले. बराच विचारही केला, असे तिला वाटले. पण मते एकास दोन अशीच राहिली. कंपनीच्या पद्धतीप्रमाणे निर्णय त्याने स्वतः, विश्वंभरच्या समोर उभे राहून सांगितला.

दवाखाना मागच्या फाटकाजवळ होता. विश्वंभर तिकडे निघाला तेव्हा स्नेहलता त्याच्याबरोबर चालू लागली. कडेच्या कडुनिंबांखाली शिफ्ट सुटलेले लोक सायकली काढत होते. दोघातिघांनी नमस्कार केला, त्याने केला.

"तू काय मत दिलंस?" त्याने विचारले.

"हो."

तो थांबला. "मग विचारायचं कशाला होतं? गप्प बसली असतीस तर तिघांचं हो होतं."

"उत्तर ऐकल्याशिवाय मी हो कसं म्हणणार होते, भैया?"

तो तिच्याकडे बघत राहिला. रागावला आहे की नाही हे तिला सांगता आले नसते. "बाबांना तमिळनाडू म्हणजे काय ते तू समजावशील," तो शेवटी म्हणाला. "मला नाही जमायचं."

"येईन. अंबिकावहिनींनाही मीच सांगेन. प्रश्न मी विचारला होता, हेही सांगेन."

"ते नको सांगू."

"सांगणार."

तो पुन्हा चालू लागला. दवाखान्यात हरदयाल बाकावर पाय लांब करून बसला होता. नडगीला पट्टी होती. विश्वंभरला पाहताच तो उठायला लागला.

"बैठ, बैठ," विश्वंभर म्हणाला.

"साहब, आपका हो गया?"

"नहीं हुआ." विश्वंभर त्याच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला. "पैर दिखा."