सुभद्राबाईंचं मत

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत सिनेमाबाबत शेवटचा शब्द सुभद्राबाईंचा असे. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर हिंदी सिनेमा लागायचा, घरोघरी बघितला जायचा, आणि सोमवारी नळावर बायका एकमेकींना विचारायच्या, "पण सुभद्राबाई काय म्हणतात?" पुरुषांचंही तेच. सुभद्राबाईंचे यजमान महादेवराव प्लांटमध्ये फिटर होते. चहाच्या सुट्टीत ते सुरू करायचे, "आमच्या घरच्यायचं म्हणणं असं पडलं का..." आणि माणसं हातातल्या पान्यासकट ऐकत उभी राहायची.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. घरात टीव्ही येऊन तीन वर्षं झाली होती आणि सुभद्राबाईंनी त्यावर एकही सिनेमा पुरता पाहिलेला नव्हता. त्या झोपायच्या.

त्यात त्या माउलीचा काही दोष नव्हता. रविवार म्हणजे राखेशी भांडायचा दिवस. प्लांटच्या चिमण्यांची बारीक राख आठवडाभर चादरींवर, पडद्यांवर, तुळशीच्या पानांवर बसायची, ती रविवारी सगळी काढायची. मग धुणं, दळण, आल्यागेल्याचं चहापाणी. पाठ टेकायला पहिली संधी मिळायची ती सिनेमाच्या वेळी. त्यात महादेवरावांना दिवा चालत नसे. "टॉकीजमंदी दिवा रायते काय वं?" असं म्हणून ते बटण बंद करायचे. सुभद्राबाई भिंतीला टेकून, लसणाचं सूप मांडीवर घेऊन बसायच्या. बाहेरून प्लांटची एकसुरी घरघर यायची. तीस वर्षं ती ऐकत झोपलेल्या बाईला आणखी अंगाई कशाला लागते? पहिल्या गाण्याला लसूण सोलणं थांबायचं.

सिनेमा मात्र थांबायचा नाही. तो आत चालूच राहायचा, आणि आत तो रंगीत असायचा. टीव्हीतलं संगीत झोपेत झिरपायचं, त्याच्या मागे चित्रं आपोआप यायची. हिरोच्या मोटारीतून त्यांची चौथीतली मैत्रीण उतरायची. कोर्टातला जज चष्मा काढून विचारायचा, डाळ भिजत घातली का? कोणी विचारलेलं कोणाला खटकायचं नाही. सगळीकडे ऊन असायचं, पण चटका नसायचा. शेवटी वाद्यं जोरात वाजली की सुभद्राबाई डोळे उघडायच्या, दोन पाकळ्या सोलायच्या आणि चहा मांडायला उठायच्या.

चहाबरोबर महादेवराव विचारायचे, "मंग? कसा वाटला?"

आणि सुभद्राबाई सांगायच्या. खोटं सांगायच्या असं म्हणवत नाही, जे दिसलं तेच सांगायच्या.

"त्या पोस्टमनचं लय वाईट वाटलं जी," एकदा त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाची पत्रं वाटली त्यानं, पण त्याच्या घरी कधी एक कार्ड नाही आलं."

सिनेमात पोस्टमन एकदाच, तोही पाठमोरा, सायकलवरून गेला होता. महादेवरावांनी मान डोलावली आणि बराच वेळ बशीतल्या चहाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये पोस्टमनवर अर्धा तास चर्चा झाली. शेजारच्या पार्वतीबाई तणतणत आल्या. "मी तं डोळे फाडून पाह्यला वं सिनेमा, मले कोठी दिसला नाही तुहा पोस्टमन!"

"नीट पाहत जा," सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ही मूठ त्यांना उघडायची नव्हती, हेही समजून घ्यायला हवं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना कोणी कशाबद्दल मत विचारलं नव्हतं. भाजीत मीठ पडलं का, एवढंच. ती दोघं भांडली असंही नाही. महादेवरावांच्या पाळ्या, कधी सकाळची, कधी रात्रीची. एकाचं जेवण तेव्हा दुसऱ्याची झोप. बोलायचं राहून गेलं ते गेलंच. आता उतारवयात आठवड्यातून एकदा एक माणूस समोर बसून विचारत होता, तुला कसं वाटलं? ते विचारणं त्यांना फार आवडायचं. अगदी आतून आवडायचं.

त्या वर्षी मार्चअखेर महादेवराव रिटायर होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार होतं. जायला दोन जागा होत्या. एक म्हणजे काटोलकडचं महादेवरावांचं गाव. तिथे धाकटा भाऊ देवराव संत्र्याचा बगीचा बघायचा, आणि दोन खोल्या यांच्या नावानं होत्या. दुसरी जागा नागपुरात, कळमन्याला. बाजार समितीच्या पाठीमागे दोन खोल्या आणि पुढे एक पायरी, विकत मिळत होत्या. तिथून दोन गल्ल्या सोडून त्यांची एकुलती एक मुलगी शामला राहायची. जावई बाजारात धान्याच्या तोलाईवर होते.

सुभद्राबाईंना कळमना हवं होतं. दिवाळीत शामला त्या पायरीवर बसून म्हणाली होती, "माय, तू इथं आली का मी रोज संध्याकाळी येईन. काही काम नसलं तरी येईन." तेव्हापासून सुभद्राबाई मनात मांडे खात होत्या. पायरीवर कुठे बसायचं, तेसुद्धा ठरलं होतं.

पण महादेवरावांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. न विचारता सांगायची सवय नव्हती. सिनेमाबद्दल अर्धा अर्धा तास बोलणारी ही दोन माणसं घराबद्दल एक शब्द काढत नव्हती. पौष असाच गेला.

माघातल्या एका रविवारी बर्फाच्या डोंगरातला सिनेमा होता. बंगला, वकील, पियानो, खोकणारा श्रीमंत म्हातारा. पहिल्याच गाण्याला लसूण थांबला.

आत बर्फ नव्हता. एक विहीर होती. तिच्यावर मोटेचं लाकडी चाक कुरकुरत फिरत होतं, आणि मोट वर आली की थाळण्याच्या दगडी कुंडीत पाणी पडायचं. भोवती संत्र्याला फूल आलेलं, सगळं रान त्या वासानं भरलेलं. थाळण्यापाशी त्यांची आई उभी होती. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती, पण झोपेत अशा गोष्टींची आठवण कोणी काढत नाही. आईनं हात पदराला पुसला आणि म्हणाली, "आली काय वं? बस." सुभद्राबाई बसल्या. पाण्यात पाय सोडले. पाणी चालत होतं आणि कुठे जायची घाई नव्हती.

वाद्यं वाजली. त्या उठल्या, पण वास तसाच राहिला. चहा उतू जाईपर्यंत राहिला.

"मंग? कसा वाटला?"

"त्या बाईनं विहिरीपाशीच रायले पायजे होतं," सुभद्राबाई म्हणाल्या. अजून पाय पाण्यातच होते त्यांचे. "संत्र्याले फूल आलं होतं, मोट चालू होती. कुठी जाची गरज नोती तिले. जीव तिथंच होता तिचा."

महादेवरावांची बशी ओठापाशी थांबली. "असं?" ते म्हणाले.

"हो जी."

त्यांनी चहा संपवून बशी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये त्यांनी त्या सिनेमाबद्दल चकार शब्द काढला नाही.

दहाबारा दिवसांनी देवरावांचं कार्ड आलं. महादेवरावांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं. दोन्ही खोल्यांना चुना मारला आहे. चुलीवरचं छप्पर नवं केलं. वहिनींची इकडे येण्याची इच्छा आहे हे वाचून घरात सर्वांना आनंद झाला.

सुभद्राबाईंच्या हातातली परात तशीच राहिली. "कोणाची इच्छा?"

"तुहीच न वं. आपल्या तोंडानं सांगतलं तू, विहिरीपाशी रायले पायजे म्हणून. मी लगेच देवरावले लिवलं." महादेवराव खुशीत होते. एवढे खुशीत ते बोनसच्या दिवशीही नसायचे. "येत्या सोमवारी सुट्टी टाकली. कळमन्याच्या खोल्या नाही पायजे म्हणून सांगून येतो."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. बोलावं तर सगळं उघडं पडणार: विहीर कुठून आली? बर्फाच्या सिनेमात विहीर? मग पोस्टमन? मग तीन वर्षं वसाहतीला काय सांगत होतीस, बाई? महादेवराव पुन्हा कधी विचारणार नाहीत, कसा वाटला म्हणून. आणि न बोलावं तर शामलाची पायरी गेली. आठवडाभर त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा विचारलं, "भाजी कायची करू?"

रविवार आला. सुभद्राबाईंनी चार वेळा डोळ्यांवर पाणी मारलं. आज जागं राहायचं, सिनेमा नीट बघायचा आणि त्यातलीच एखादी गोष्ट धरून महादेवरावांना कळमन्याकडे वळवायचं, असा त्यांचा बेत होता. सरळ सांगण्यापेक्षा तो त्यांना सोपा वाटला. चौतीस वर्षांच्या सवयी अशाच असतात.

आणि त्या खरंच जाग्या राहिल्या. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं, मध्ये बातम्या झाल्या. लसणाच्या तीन गड्ड्या सोलून झाल्या. सिनेमा इतका लांब असतो हे त्यांना माहीतच नव्हतं. हिरो एकच गोष्ट तिघांना तीनदा सांगत होता. खलनायकाला दारं बंद करता येत नव्हती. कळमन्याकडे वळवता येईल असं त्यात काही नव्हतं. मुलगी नव्हती, पायरी नव्हती, संध्याकाळसुद्धा धड नव्हती.

चहा झाला.

"मंग? कसा वाटला?"

"बरा होता," सुभद्राबाई म्हणाल्या.

महादेवराव थांबले. "बरा होता म्हंजे?"

"म्हंजे बरा होता. गाणे जास्त होते."

त्यांनी बशी खाली ठेवली. चष्मा लावला आणि बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तब्येत बरी नाही काय वं? आज झोपली नाही तू."

सुभद्राबाईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. "म्हंजे तुमाले..."

"आता काय सांगू. तीन वर्सं झाले पाहून रायलो. पह्यल्या गाण्याले तुहा लसूण बंद पडते. मधी मधी हासते बी."

"मंग काहून विचारता मले दर रविवारी, कसा वाटला म्हणून?" त्यांना रडू येत होतं आणि रागही. "प्लांटमधी जाऊन साऱ्याइले काहून सांगता?"

"टीव्हीवरचा सिनेमा तं मी पाहतोच न," महादेवराव म्हणाले. "मले तुह्या झोपेतला विचाराचा असते."

बाहेर प्लांट चालू होता. सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला.

"जागेपणी तू कधी काही मागतलं नाही," ते टीव्हीकडे बघत म्हणाले. "लुगडंसुदा नाही. म्हटलं झोपेत मागून रायली, तं येक तरी गोष्ट द्याव. म्हणून लिवलं देवरावले."

सुभद्राबाई रडल्या. थोड्या हसल्याही. मग नाक पुसून म्हणाल्या, "ते तुमच्या गावची विहीर नोती जी. तुमच्या गावच्या विहिरीवर मोट कुठी हाय? आमच्या मायची विहीर होती ते. माय उभी होती तिथं."

"मले काय मालूम! मी म्हटलं संत्रे हायेत, तं आपलाच बगीचा."

"झोपेत माणूस कुठीबी जाते. म्हणून काय बिछाना घेऊन रायले जाते काय तिथं?"

महादेवराव हात मांडीवर ठेवून, सुट्टीच्या अर्जावर साहेबाची सही व्हायची वाट बघतात तसे बसले. "बरं," ते म्हणाले. "मंग जागेपणचं सांग. तुले काय पायजे?"

हा प्रश्न इतका उघडा होता की सुभद्राबाईंना आधी सवयीनं सिनेमाच आठवायला लागला. पण त्यात काही नव्हतं. त्यांनी सुपातली सालं एका बाजूला केली.

"कळमना," त्या म्हणाल्या. "शामला हाय तिथं. पायरीवर बसाचं हाय मले, तिच्यासंगं."

"एवढंच?"

"एवढंच जी."

महादेवरावांनी कपाटातून कोरं कार्ड काढलं, पेन झटकलं आणि देवरावांना लिहायला बसले. चुन्याचा खर्च त्यांनी आपल्याकडे घेतला. वहिनींची इच्छा वाचण्यात माझी चूक झाली, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं, आणि ते वाक्य सुभद्राबाईंना दोनदा वाचून दाखवलं. सोमवारी ते कळमन्याला गेले ते खोल्या पक्क्या करूनच आले.

पुढच्या रविवारी सिनेमाची पाटी लागली तेव्हा महादेवरावांनी दिवा बंद करण्याआधी आतून उशी आणली आणि भिंतीपाशी उभी लावली. लसणाचं सूप उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं.

"आता ते सोंग नको," ते म्हणाले. "झोप. सुटला का उठवतो."

"अन् शामलेच्या पुढं सांगान काय, मी झोपते म्हणून?"

"मी कायले सांगू? आपल्या घरचं हाय ते."

पहिल्या गाण्याला सुभद्राबाईंची मान उशीवर आली. महादेवरावांनी उठून टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. हिरो कोणावर तरी ओरडत होता. ते त्याच्याकडे बघत, चहाच्या वेळेची वाट पाहत बसले.