लंगड्या शिपायाची सहावी स्टेज

वलगावात शालिकरामच्या घरी टीव्ही गेम आला तो रोहितसाठी. रोहित चौथीत पहिला आला होता, म्हणून शालिकराम अमरावतीच्या इतवारा बाजारात झेंडू विकून परतताना तो खोका सायकलला बांधून घेऊन आला. थोरली प्रतीक्षा तेव्हा सातवीत होती. तीही दर वर्षी पहिली यायची, पण त्याची घराला सवय झाली होती.

खोक्यात दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट होती, कॅसेटमध्ये चौसष्ट गेम. रणगाड्यांचे, गाड्यांचे, मारामारीचे सगळे गेम रोहितचे. तो जेवायला उठला की रिमोट प्रतीक्षाच्या हाती यायचा आणि तिचा डाव रंगात आला की परत हिसकावला जायचा. एकच गेम असा होता की तो सुरू असताना कोणी रिमोट मागत नसे. एक्केचाळीस नंबरचा. त्यातला शिपाई एक पाय ओढत चालायचा. चित्र काढणाऱ्यानं दुसऱ्या पायाचं काम बहुधा अर्ध्यात सोडलं असावं. बटण दाबलं तरी तो लगेच उडी मारत नसे. क्षणभर थांबायचा, मग उडायचा, आणि तोवर खड्ड्यात गेलेला असायचा. गाणं मध्येच अडकायचं. गल्लीतल्या पोरांनी त्याला लंगडा नाव पाडलं होतं. रोहितनं तो दोनदा खेळून पाहिला आणि भंगार म्हणून सोडून दिला.

प्रतीक्षाला तो आवडला. आधी, तो तिच्याजवळ राहायचा म्हणून. पुढं त्याच्या खोडी कळत गेल्या तशी तिला त्याची माया लागली. खड्डा दिसल्यावर बटण दाबून उपयोग नव्हता, दिसायच्या आधी दाबावं लागे. तिसऱ्या स्टेजला शिपाई भिंतीत रुतायचा, पण रोज त्याच भिंतीत, त्याच विटेपाशी. गेम चुकीचा होता, पण त्याच्या चुका ठरलेल्या होत्या. घरातल्या माणसांचं तसं नव्हतं. कोणत्या दिवशी कशावरून बोलणी बसतील, याचा अंदाज तिला कधीच आला नाही.

सहाव्या स्टेजपुढं कोणी गेलेलं नव्हतं. तिथं एक दरी होती आणि दरीवर पूल. पुलावर पाय ठेवला की शिपाई पुलातून आरपार खाली जायचा. गेम तिथंच बिघडलाय, पुढं काही नाही, असं सगळ्या पोरांनी ठरवून टाकलं होतं.

त्या उन्हाळ्यात प्रतीक्षाला कांजण्या झाल्या. रोहितला लागण होऊ नये म्हणून त्याला तिवस्याला मावशीकडे पाठवलं. आई, तानुबाई, प्रतीक्षाच्या अंथरुणात कडुलिंबाचा पाला पसरायची आणि मळ्यात जायची. लोडशेडिंगचे दिवस होते. दुपारी वीज गेली की खेळलेलं सगळं जायचं आणि पुन्हा पहिल्या स्टेजपासून सुरुवात करावी लागायची. अंग खाजायचं, म्हणून हात गुंतवून ठेवायला ती खेळत राहिली. बाराव्या दिवशी तिनं पूल सोडून दिला आणि शिपायाला सरळ दरीत चालवलं. शिपाई पडला नाही. पूल खोटा होता आणि दरीच जमीन होती. मात्र त्या जमिनीत तीन न दिसणारे खड्डे होते. ते पडून पडून तिनं पाठ केले, आणि संध्याकाळी पुन्हा वीज जायच्या आत ती सातव्या स्टेजला पोचली. सांगायला घरात कोणी नव्हतं.

रोहित परत आल्यावर तिनं त्याला सांगितलं. त्याला खरं वाटेना, म्हणून तिनं करून दाखवलं. तो मांडी घालून, तोंड उघडं ठेवून पाहत बसला. पुढं तिची दहावी झाली त्या वर्षी मशीन जळालं आणि विषय संपला.

याला आता वीस वर्षं झाली. प्रतीक्षाचं लग्न होऊन ती अकोल्याला आली. नवरा मनोज दालमिलमध्ये फिटर, आणि ती बी-बियाण्यांच्या दुकानात काउंटरवर. रोहित इंजिनिअर होऊन अमरावतीत राहिला. नोकरी धड लागली नाही, तेव्हा त्यानं यूट्यूबवर चॅनल काढलं. जुने, फसलेले, लोकांनी टाकून दिलेले टीव्ही गेम शोधायचे आणि त्यांच्याविषयी बोलायचं. तो बोलायचाही छान. चॅनल चाललं. शालिकराम गेल्यावर तानुबाई त्याच्याकडेच राहायला गेली.

एके दिवशी दुकानात करिश्मानं, सोबत काम करणाऱ्या मुलीनं, तिच्यापुढं मोबाइल धरला. हा तुमचाच भाऊ ना, तिनं विचारलं. रोहित लंगड्याविषयी बोलत होता. देशात या गेमला कोणीच न्याय दिला नाही, म्हणत होता. मग त्यानं सांगितलं, की वलगावातल्या घरात कडुलिंबाच्या पाल्यावर पडून, कांजण्यांनी अंग फुललेलं असताना, लोडशेडिंगशी झगडत त्यानं बाराव्या दिवशी दरी कशी पार केली. खाली कमेंटमध्ये हजारो लोकांनी हात जोडले होते.

प्रतीक्षानं मोबाइल परत दिला आणि एका गिऱ्हाइकाला भेंडीचं बी काढून दिलं. त्यानं तिची दरी घेतली होती, शिवाय कांजण्याही घेतल्या होत्या.

दुपारच्या सुट्टीत तिनं त्याला फोन केला.

"रोहित, कांजण्या मले झाल्या होत्या. तू तर तिवस्याले होता."

तो हसला. "ताई, स्टोरी आहे ते. लोकांले अशीच लागते. आन् घर तर आपलंच होतं ना?"

तिनं एवढंच मागितलं, की एकदा माझं नाव घे. पुढच्या व्हिडिओत घेतो, म्हणाला. पुढच्यात घेतलं नाही, त्याच्या पुढच्यातही नाही.

दसऱ्याला ती अमरावतीला गेली तेव्हा तिनं आईजवळ विषय काढला. तानुबाई निवडलेली मेथी टोपल्यात टाकत म्हणाली, "तू कुठी खेळत होती बाई? तू तर माह्यासंगं हार ओवत होती."

हार ती ओवायचीच. ठरलेले हार ओवून झाल्याशिवाय तिला टीव्हीसमोर बसायला मिळत नसे. आई मुलाची बाजू घेतेय असं वाटून तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. तानुबाई कोणाची बाजू घेत नव्हती. तिला खरंच तेवढंच आठवत होतं. प्रतीक्षानं कपाळावरचे कांजण्यांचे दोन व्रण तिला दाखवले. तानुबाई म्हणाली, दोघांनाही झाल्या असतील.

पुढच्या वर्षी, राखी होऊन महिना झाला असेल, रोहितचा फोन आला. चॅनलच्या चाहत्यांचा अमरावतीत मोठा कार्यक्रम होता. पोरं नागपूरहून, यवतमाळहून येणार होती. तो स्टेजवर सगळ्यांसमोर लंगडा खेळून दाखवणार, असं जाहीर झालं होतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून तो थांबला आणि म्हणाला, की त्याला ते जमत नाही. व्हिडिओत त्यानं कॉम्प्युटरवर तुकडे जोडून दरी पार केली होती. खऱ्या मशीनवर तो दरीपर्यंतही पोचत नव्हता.

"ताई, येजो. मले शिकवून दे."

ती गेली. मनोजनं कशाला जातेस म्हणून विचारलं, तेव्हा लवकर येते, एवढंच ती म्हणाली.

रोहितनं कुठून तरी तसलंच मशीन आणि तसलीच कॅसेट मिळवली होती. प्रतीक्षा जमिनीवर बसली. पहिले दोन डाव फुकट गेले. तिसऱ्याला डोळे मागं राहिले आणि बोटं पुढं गेली. शिपाई पाय ओढत निघाला, भिंतीत रुतायच्या जागी तिनं त्याला अलगद वळवलं, दरीत उतरवलं, तिन्ही खड्डे ओलांडले. रोहित शेजारी मांडी घालून पाहत होता. त्या अर्ध्या तासात दोघांनाही मधली वर्षं आठवली नाहीत.

मग ती त्याला शिकवू लागली. दिसल्यावर दाबू नकोस, दिसायच्या आधी दाब, एवढंच होतं. दोन दिवस तो बसला. त्याला ते जमलं नाही. तो प्रत्येक वेळी खड्डा दिसायची वाट पाहायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं तोड काढली. ताईनं पडद्यामागं बसून खेळायचं. मोठ्या पडद्यावर तिचाच खेळ दिसेल. तो पुढं रिमोट हातात घेऊन बोलत राहील.

"मंग मीच बसते ना पुढं," ती म्हणाली.

रोहित रिमोटची वायर गुंडाळू लागला. "लोक मले पाहायले येऊन राहिले, ताई."

स्वयंपाकघरातून तानुबाई म्हणाली, "भावाची लाज राख. एवढं तर करशील?"

तिनं होकार दिला. आईचा शब्द मोडवेना, हे एक. दुसरं कारण तिनं कोणाला सांगितलं नाही. तीनशे माणसांनी लंगडा पाहावा असं तिला वाटत होतं, मग खेळणारं कोणी का दिसेना.

रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. काळ्या पडद्यामागं प्लॅस्टिकची खुर्ची, छोटा टीव्ही आणि मशीन होतं. रोहितच्या रिमोटची वायर पडद्याच्या फटीतून आत आली होती आणि तिचं टोक प्रतीक्षाच्या पायाशी नुसतंच पडलं होतं. फटीतून पुढच्या रांगेतली तानुबाई दिसत होती. नवं लुगडं नेसून आली होती.

गेम सुरू झाला. शिपायाचा पाय पाहून हॉल हसला. रोहित मध्ये मध्ये विनोद करत होता, लोकांना हसवत होता. सहाव्या स्टेजला हॉल शांत झाला. प्रतीक्षानं पूल सोडला आणि शिपायाला दरीत चालवलं. पहिला खड्डा, दुसरा, तिसरा. शिपाई पलीकडं चढला आणि पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. रोहित माइकमध्ये सांगत होता, की अंगावर कांजण्या आणि खाली कडुलिंबाचा पाला, बारा दिवस, मित्रांनो, बारा दिवस. प्रतीक्षानं फटीतून पाहिलं. तानुबाई पदरानं डोळे पुसत मान हलवत होती, तिनंच तो पाला पोराच्या अंगाखाली घातला असल्यासारखी.

प्रतीक्षानं रिमोट खुर्चीवर ठेवला. बाजूच्या पायऱ्या उतरून ती स्टेजसमोरून, पहिल्या रांगेपुढून चालत दारापर्यंत गेली. तिथं थांबून वळली.

मोठ्या पडद्यावर शिपाई सातव्या स्टेजच्या तोंडाशी उभा होता. खाली रोहितचे अंगठे बटणांवर चाललेच होते. थोड्या वेळानं ते थांबले. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मागच्या काळ्या कापडाकडे पाहिलं. आता काय होईल ते पाहायला ती दारात उभी राहिली. मग खेळत कोण होतं, असं कोणी तरी विचारेल, असं तिला वाटलं होतं.

रोहितनं माइक उचलला. "पाहा, अडकला. म्हणून तर हा लंगडा."

सगळा हॉल हसला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, आणि पोरं लंगडा, लंगडा असं एका सुरात ओरडू लागली. त्या गेमकडून कोणाची दुसरी अपेक्षाच नव्हती.

अकोल्याच्या बसमध्ये ती मूर्तिजापूरपर्यंत उभीच होती.

तो व्हिडिओ रोहितच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालला. करिश्मानं दुकानात पुन्हा मोबाइल पुढं केला. भर कार्यक्रमात गेम अडकला म्हणे, ती हसत म्हणाली. प्रतीक्षानं हो म्हटलं. एका ठिकाणी, दोन क्षण, जांभळ्या साडीतली एक बाई स्टेजसमोरून जाताना दिसत होती. नेमक्या वेळी मध्ये येणारी ही काकू कोण, असं खाली एकानं विचारलं होतं.

तानुबाईनं महिनाभर फोन घेतला नाही. भावाला भरल्या सभेत एकटं टाकलं, असा तिचा निरोप मावशीकडून आला. रोहितचा फोन मात्र आला. नागपूरला तसाच कार्यक्रम ठरत होता.

"या वेळी अर्ध्यात सोडू नको, ताई. मी इतका बरोबर खेळून राहिलो होतो, तू मधातच कावून उठली?"

तो थट्टा करतोय, असं तिला आधी वाटलं. तो उत्तराची वाट पाहत होता. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलेलं नव्हतं.

"तूच खेळ आता," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. नागपूरला तो तिच्याशिवायच गेला. खेळला नाही, नुसता बोलला. लोकांना तेही आवडलं.

भाऊबीजेला तो आला नाही. दर वर्षी यायचा. प्रतीक्षानं दुपारपर्यंत अनारसे झाकून ठेवले, मग शेजारी वाटून टाकले. दिवस मावळता मावळता ती ताट घेऊन गच्चीवर गेली. दालमिलच्या पत्र्यांवर बीजेची बारीक कोर होती. मनोज मागून आला आणि पाहतच राहिला.

"चंद्राले त्या ओवाळतात, ज्यायले भाऊ नसते," तो म्हणाला. "तुले तर रोहित हाये ना?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. वाऱ्यानं निरांजन दोनदा विझलं. तिसऱ्यांदा तिनं ते लावलं नाही. विझलेल्या निरांजनानंच ओवाळलं आणि ताट घेऊन ती खाली आली.