पहिली सही होटगीकरांची

मुकुंद होटगीकर जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं कारकून होते. निवृत्तीनंतरही त्यांची सवय सुटली नव्हती. लाल सिग्नलला समोर चिटपाखरू नसलं तरी ते स्कूटर थांबवायचे, आणि मागचे हॉर्न वाजवायचे. त्यामुळे एका सोमवारी सकाळी दारात पोलीस शिपाई उभा राहिला तेव्हा त्यांना आधी वाटलं, याचा पत्ता चुकला असेल.

पत्ता बरोबर होता. त्यांच्याच नावाची नोटीस होती.

झालं होतं ते असं. अक्कलकोट रोडच्या पलीकडं त्यांची पारिजात वसाहत. नळाला पाणी पाचव्या दिवशी, कधी सहाव्या. यायची वेळ कुणालाच ठाऊक नसे, त्यामुळे घरातलं एक माणूस त्या दिवशी घराला बांधलेलं. त्यात यंदा पाणीपट्टी वाढली. बिलं वाटली त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं बायका जमल्या. माळशिरसकडून लेकाबरोबर इथं राहायला आलेल्या मथुराबाई सगळ्यांत मोठ्यानं बोलत होत्या. "पानी पाचव्या दिशी, आन पट्टी रोजची. असं कुटं असतंय व्हय?" त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. जितके दिवस पाणी, तितक्याच दिवसांची पट्टी, असं निवेदन द्यायचं ठरलं.

मुकुंदराव दर्शनाला आले होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, हे वसाहतीत सगळ्यांना माहीत. त्यांना कट्ट्यावर बसवून लिहायला लावलं. बायका सांगत गेल्या, ते लिहीत गेले. मागणी मान्य झाली नाही तर पुढच्या गुरुवारी महापालिकेच्या झोन ऑफिससमोर रिकाम्या घागरी घेऊन रस्त्यावर बसू, हेही लिहिलं. "सनदशीर मार्गाने" हे दोन शब्द त्यांनी पदरचे घातले. पेन हातातच होतं, म्हणून पहिली सही त्यांनीच केली. त्याखाली एकशे बारा सह्या झाल्या. निवेदन झोन ऑफिसात दिलं, एक प्रत पोलिसांना दिली. पोलिसांनी पहिली सही बघितली आणि आयोजक म्हणून त्यांचं नाव लावलं.

शिपायाचं नाव विरेश. तिशीतला, नम्र मुलगा. मुकुंदरावांनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली. कायदा व सुव्यवस्था बिघडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल, असा मजकूर होता. सवयीप्रमाणे त्यांनी त्यातली चूकही काढली. आंदोलनाचा वार गुरुवार होता, तारीख मात्र बुधवारची पडली होती.

विरेश गोंधळला. म्हणाला, मग काय करू काका? मुकुंदरावांनी त्याला सांगितलं, तारीख दुरुस्त कर, शेजारी तुझी छोटी सही कर, नाहीतर ही नोटीस टिकायची नाही. विरेशनं तसं केलं, चहा घेतला आणि आभार मानून गेला.

प्रेमलाबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन त्यांनाही चार वर्षं झाली होती. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आपल्याच पायातली बेडी नीट बसतेय का, ते बघत होतात होय?"

पुढचे तीन दिवस मुकुंदरावांना जेवण गेलं नाही. पुण्याहून हृषीकेशचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. तो म्हणाला, बाबा, तुम्ही यात पडू नका, पट्टी मी भरतो. शेजारच्या देवदत्त अंबुलगेकरांनी तर आधीच सांगितलं होतं की रस्त्यावर बसून नळाला पाणी येत नसतं. त्यांनी सही केली नव्हती. त्यावरून दोघांत शब्दाला शब्द वाढला होता आणि वीस वर्षांची रोजची सोबतची फेरी बंद पडली होती. मुकुंदरावांनी शेवटी बायकोला सांगितलं की आपण जाऊ नये हे बरं. प्रेमलाबाई म्हणाल्या, तुम्ही नका जाऊ, मी जाते, बादल्या माझ्या कमरेनं उचलल्यात.

गुरुवारी सकाळी त्या रिकामी कळशी घेऊन निघाल्या. मुकुंदराव पेपर उघडून खुर्चीत बसले. दहा मिनिटं एकच बातमी वाचत होते. आपल्या सहीखाली एकशे बारा माणसांनी सह्या केल्या आणि ती माणसं रस्त्यावर आहेत, हे काही केल्या डोक्यातून जाईना. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, कुलूप लावलं आणि चालू लागले.

ऑफिससमोर ऐंशीएक बायका आणि दहा-बारा पुरुष रस्त्यात बसले होते. ऑफिसातून एक साहेब आले, निवेदनाची आणखी एक प्रत घेतली, वर पाठवतो म्हणाले आणि आत गेले. बायका हलल्या नाहीत. रिक्षा आणि दुधाचे टेम्पो दोन्हीकडं अडकले. बंदोबस्ताला पोलीस निरीक्षक उदयसिंह माने होते. त्यांनी भोंग्यावरून तीन वेळा उठायला सांगितलं. आवाज चढवला नाही, पण शेवटी दहा मिनिटांची मुदत दिली.

मुदत संपली तेव्हा एका शिपायानं पुढं बसलेल्या काशम्माची घागर ओढली. तिनं सोडली नाही. ओढाओढीत घागर रस्त्यावर आपटली आणि तिला मोठा पोचा पडला. माने त्या शिपायाला बाजूला घेऊन काहीतरी बोलले, आणि तो मागं जाऊन उभा राहिला. मग त्यांनी विचारलं, आयोजक कोण?

मुकुंदरावांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "मी. पहिली सही माझी आहे," ते म्हणाले.

प्रेमलाबाईंनी मान वळवून बघितलं. नवरा आलाय हे त्यांना तेव्हा कळलं.

महिला पोलिसांनी बायकांना हाताला धरून गाड्यांत चढवलं. कुणाला लाठी बसली नाही. पोलीस मैदानावरच्या लांबलचक हॉलमध्ये सगळ्यांना नेलं. तिथं ऋतुजा नावाची हवालदार नावं उतरवून घेत होती. संध्याकाळी पाचला सोडू, असं मान्यांनी सांगितलं. केळी आली, पोहे आले. मुकुंदरावांनी तीन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर खाल्लं. त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. ज्याची इतकी भीती वाटत होती ते होऊन गेलं होतं, आणि पोहे चांगले होते.

एक वाजला आणि एका बाईचा फोन वाजला. मग दुसरीचा. मग चहूकडून वाजू लागले. वसाहतीत पाणी आलं होतं.

पाण्याचा दिवस उद्याचा होता. ते आजच कसं सुटलं, कुणाला कळेना. निम्म्या घरांना कुलपं होती. आज भरलं नाही तर आणखी पाच दिवस घरात थेंब नाही. बायका दाराकडं धावल्या आणि महिला पोलीस दारात आडव्या उभ्या राहिल्या. मान्यांनी वर फोन लावला. परत येऊन म्हणाले, पाचच्या आधी सगळ्यांना सोडता येणार नाही, पण हमीपत्रावर सही करेल त्याला आत्ता जाता येईल. ऋतुजानं छापील कागद टेबलावर ठेवले.

चार-पाच हात पेनाकडं गेले. त्यांत काशम्माही होती. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं करायला पाणी लागायचं. मुकुंदराव उठले आणि कागद बघू द्या म्हणाले. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा वाचला, आणि मग सोप्या शब्दांत अर्थ सांगितला. यावर सही केली की वर्षभर पाण्यासाठी कुठल्याच आंदोलनात उतरता येणार नाही.

"ज्यांच्या घरी अडचण आहे त्यांनी सही करून जावं," ते म्हणाले. "त्यात लाज नाही. मागून कुणी कुणाला बोलायचं नाही. मी करणार नाही."

मथुराबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "पाच दीस काढलं, आनि पाच काढू की," त्या म्हणाल्या.

काशम्मानं पेन धरून ठेवलं होतं. तिनं मान्यांना विचारलं, "सायेब, तुमच्या घरला पाणी कधी येतंय?"

माने म्हणाले, "पोलीस लाइनीत सहाव्या दिवशी." आणि फोन वापरायला मनाई नाही, असंही आपणहून सांगितलं.

मुकुंदरावांनी प्रेमलाबाईंकडं बघितलं. मग खिशातून फोन काढला आणि देवदत्तांना लावला. आठवडाभर बोलणं नव्हतं. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. मुकुंदरावांनी जमेल तसं सगळं सांगितलं. पलीकडं देवदत्त ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, "चाव्या कुठं आहेत?"

फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. बायकांनी रांग लावली. एकेक जण वाकून सांगू लागली. तुळशीच्या कुंडीखाली. मीटरच्या पेटीवर. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडं. खिडकीतल्या डालड्याच्या डब्यात. काशम्माचं दार नुसतं लोटलेलं होतं, सासूला हाक मारून आत जा म्हणाली. मथुराबाईंची चावी कमरेलाच होती. त्यांनी मागच्या दाराची कडी बाहेरून कशी निघते ते समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता आपल्याभोवती वीस पोलीस उभे आहेत हे लक्षात येऊन थांबल्या.

उदयसिंह मान्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. "कानात बोटं घाला सगळ्यांनी," ते शिपायांना म्हणाले. विरेशनं खरंच घातली. हॉलमध्ये सकाळपासून पहिल्यांदा हसू फुटलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. टेबलावरच्या हमीपत्रांना कुणी हात लावला नाही. ऋतुजानं ती आवरून ठेवली.

पाच वाजता सोडलं. वसाहतीत पोचेपर्यंत सगळ्या चालत नव्हत्या, पळतच होत्या. रस्ताभर पाइप पसरलेले, गच्च्यांवरून गच्च्यांवर टाकलेले. देवदत्तांनी, त्यांची सून वैदेहीनं आणि घरी राहिलेल्या सात-आठ जणांनी मिळून बंद घरं एकामागून एक उघडली होती. जे भांडं दिसलं ते भरलं होतं. एका घरी पुरणाचं पातेलं आणि कुकरसुद्धा भरून ठेवला होता. काशम्माच्या सासूला वैदेहीनं आंघोळही घातली होती.

देवदत्त गुडघ्यापर्यंत भिजून होटगीकरांच्या पायरीवर बसले होते. मुकुंदराव शेजारी टेकले.

"सही मी आजही केली नसती," देवदत्त म्हणाले.

"असू दे," मुकुंदराव म्हणाले. आत जाऊन त्यांनी कोरडा टॉवेल आणून दिला.

पुढं तीन आठवड्यांनी वसाहतीच्या पाच जणांना महापालिकेतून बैठकीला बोलावणं आलं. मुकुंदराव आणि प्रेमलाबाई त्यात होते. मथुराबाईंनी तिथंही आपलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, आणि साहेबांनी ते लिहून घेतलं. सगळं काही मिळालं नाही. पाणी अजून पाचव्या दिवशीच येणार होतं, पण वाढीव पट्टीला वर्षभर स्थगिती मिळाली, आणि पाणी सोडायची वेळ आदल्या दिवशी फलकावर लावायचं कबूल झालं. रस्ता अडवल्याबद्दल पोलिसांनी घातलेल्या केसची एक तारीख पडायची आहे, आणि त्या दिवशी आपणही बरोबर येणार असं देवदत्तांनी सांगून ठेवलंय.

बैठकीहून परतताना प्रेमलाबाईंनी रिक्षा चौकातच सोडली. गाड्यावर भाजलेल्या शेंगांचा खमंग वास सुटला होता. त्यांनी गरम शेंगांचा पुडा घेतला आणि दोघं सावलीसावलीनं चालू लागले. घर यायच्या आत पुडा संपला.