फुगलेल्या नानांची पाटी

कोकंद शहरातल्या त्या बेकरीत नान फुगला की कुणाचं तरी नाक कापलं जायचं. भट्टीत लावण्याआधी नानच्या मधोमध खिळ्यांचा ठसा नीट दाबला नाही, तर तो टोपीसारखा फुगून बसतो. आज मुअत्तर आपांची अख्खी खेप फुगली आणि पाळीची मुख्य झालेल्या झुमरदच्या मनात लाडू फुटले.

का फुटू नयेत? पूर्वी आपा मुख्य होत्या, तेव्हा झुमरदचे नान असेच फुगले होते. आपांनी कारण विचारलं नाही. नान टाकून देणं पाप, म्हणून तेच पाटीत भरून तिच्या डोक्यावर ठेवले आणि भर दुपारी बाजारातून घरी पाठवलं. पुढे मोहल्ल्यातली पोरंसोरंही तिला फुग्गी म्हणायला लागली. त्याचं उट्टं काढायचंच, तेही व्याजासकट, हे तिने कधीच ठरवलं होतं.

आता पाटी भरून तयार होती. बायका चहाचे पेले धरून तमाशाची वाट बघत होत्या. पण आधी एकांतात विचारायचं, ऐकून घ्यायचं, मगच ताकीद द्यायची, हा नियम झुमरदनेच मालकाच्या मागे लागून करून घेतला होता. तो आज तिच्याच घशात अडकला.

तिने आपांना आतल्या खोलीत नेलं, पाटीही आत ओढली आणि दार लावलं. "बसा आपा. ठसा का नाही दाबलात?"

आपा बसल्या. "दाबला गं. कुठे पडतोय तेच दिसलं नाही. डोळ्यांवर पडदा आलाय. कुणाला सांगू नकोस, काढून टाकतील मला."

दार उघडून हेच ओरडून सांगावं, असं झुमरदला फार वाटलं. तिने ताकीद लिहिली, एकच, आजच्या खेपेपुरती. उद्यापासून पीठ मळायला बसा, तिथे डोळ्यांचं काम नाही, असंही सांगितलं. आपांचा जीव भांड्यात पडला.

मग झुमरदने उजवी बाही वर सारली. कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता.

"माझी खेप फुगली त्या दिवशी सकाळीच हा हात भट्टीत भाजला होता. ठसा दाबवत नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

आपांचा चेहरा उतरला. त्या उठल्या, पाटीपाशी गेल्या. "दे माझ्या डोक्यावर. जाते बाजारातून."

झुमरदने पाटी पायाने मागे सरकवली.

"नाही आपा. पाटी वाहिलीत की फिटंफाट होईल. एवढ्या स्वस्तात नाही सुटायचं."