दारातली फट

टेगन आजोबा अमेरिकेत डुलुथ शहरात एकटेच राहायचे. दर आठवड्याला मी त्यांना एक जुनं पोस्टकार्ड पाठवायची. जुनी पोस्टकार्डं विकायचा माझा धंदा, आणि ते वर्षाचे पैसे आधीच भरणारं गिऱ्हाईक. कार्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात असायचं. दारातल्या टपालाच्या फटीतून ते आत जायचं नाही, म्हणून पोस्टमन बेल वाजवायचा.

जानेवारीत स्वस्त पाकिटं निघाली. पातळ, वाकणारी, तरी कुठवर पोहोचली ते फोनवर दिसणारी. टपाल कचेरीतल्या शेवटच्या छाननी यंत्रातून पाकीट गेलं की 'पोहोचलं' असा शेरा आपोआप उमटायचा. दारात कोणी बघायचं नाही. मी लगेच खोकी बंद केली.

आजोबांचा फोन आला. "अगं ट्रूडी, ते खोकंच पाठव की."

"का? कार्ड दुमडलं?"

"कार्ड ठीक आहे गं. पण बेल वाजत नाही आता."

"बेल ऐकायची तर पिझ्झा मागवा! डॉलर काय झाडाला लागतात माझ्याकडे?"

ते हसले. "बरं बाई, तुझंच खरं."

एप्रिलमध्ये त्यांच्या शेजारणीचा फोन आला. पाकिटावर माझा नंबर छापलेला होता. आजोबा दाराच्या आत पडलेले सापडले होते. जाऊन किती दिवस झाले, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना.

"तुमची नऊ पाकिटं आहेत," ती म्हणाली. "सगळी त्यांच्या अंगावर पडलेली."

फोन ठेवून मी यादी उघडली. नऊच्या नऊ पाकिटांपुढे हिरवी खूण होती. पोहोचलं.