माझ्या डोक्यावरचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुनी पोलीस जीप आहे. शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या डोंगराकडे, एका लहानशा चौकीच्या मागे मी उभी असते. माझी चाकं काढून नेली आहेत आणि माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालते. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी दया येते. तुम्ही मात्र आधी माझी गोष्ट ऐका.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी मोठ्या ऐटीत होते. माझ्या अंगावर 'पोलीस' असं लिहिलं, मागे पकडलेल्या माणसांसाठी लोखंडी जाळी बसवली. खर्डीपासून मुरबाडपर्यंतचा कुठलाही चढ मी हसत चढायचे. चालक काळूरामदादा मला पुसता पुसता म्हणायचे, "ही गाडी नाय, घोडी हाय घोडी!" मी फुलून जायचे.

पण मी डोंगरातल्या आदिवासी पाड्यावर गेले, की माझी घरघर ऐकून माणसं रानात पळायची. चुलीवर भाकरी करपत राहायची, दारात एखादी म्हातारी तेवढी उरायची. मला वाटायचं, हा माझा दरारा! आता आठवलं तरी लाज वाटते.

एकदा कुणाच्या तरी शेतातली पाण्याची मोटर चोरीला गेली. काही न विचारता पाड्यावरच्या कमळूला उचललं आणि माझ्या जाळीत घातलं. "साहेब, मी नाय घेतली," तो सांगत राहिला. त्याची लहानगी रूपा ओढ्यापर्यंत माझ्यामागे रडत धावली. पुढे मोटर भलतीकडेच सापडली, कमळू सुटला. त्याची माफी कुणी मागितली नाही.

त्याच सुमारास वरून पैसे आले. पोलिसांना सगळ्यांशी सारखं वागायला शिकवा, गावकऱ्यांशी नातं सुधारा, असा त्यामागचा हेतू होता. चौकीतून एकट्या शिपाई हर्षालीताईंना एका दिवसाच्या शिबिराला पाठवलं. त्या नव्या होत्या, त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं. चौकीचे प्रमुख शेखरसाहेब म्हणाले, "शिकवणीनं काय चोर सापडतो? लोकांपर्यंत आवाज पोचला, की झाला संपर्क." उरलेल्या पैशांतून माझ्या डोक्यावर भोंगा आणि कर्णा बसला. नाकापेक्षा मोती जड, तरी मी मिरवले.

हर्षालीताई शिबिरातलं सांगू लागल्या, "पाड्यावर जाताना गाडी लांब ठेवायची. चालत जायचं, आधी आपलं नाव सांगायचं." बाकीचे हसले. "मग पोलिसांनी काय हळदीकुंकू करायचं?"

भाताची झोडणी उरकल्यावर, थंडीत, एका सकाळी कमळूची बायको राही चौकीच्या पायरीखाली येऊन उभी राहिली. करडू शोधायला गेलेली रूपा रात्रभर परतली नव्हती. सगळा पाडा रान धुंडाळत होता. शेखरसाहेब काही वाईट माणूस नव्हते. हातातला चहा तसाच ठेवून ते उठले. "चला बाई, बसा गाडीत."

आणि कुणाच्याही ध्यानात आलं नाही, की आम्ही तिला मागे जाळीत बसवलं.

रानाच्या कडेला मी जीव खाऊन भोंगा वाजवला. कर्ण्यातून साहेब ओरडले, "रूपा, असशील तिथून बाहेर ये!" समोरच्या कारवीच्या झुडपांत काहीतरी हललं. मी पुढे सरकले तशी ती हालचाल वर सरकली. वर कडा होता, पलीकडे खोल दरी. मी आणखी जवळ गेले, भोंगा आणखी वाढवला. कारवी आणखी वर हलली.

"साहेब, बंद करा!" हर्षालीताई किंचाळल्या. "पोरगी आता हरवलेली नाय. लपलीय. आपल्यापासून."

काळूरामदादांनी माझं इंजिन बंद केलं. ताईंनी जाळीचं दार उघडून राहीला खाली उतरवलं. साहेबांनी टोपी काढली आणि ते बांधावर बसले. राही एकटी पुढे गेली.

"रूपे गो! ये माझे बाय, कोनी काय करत नाय. बाला बी कोनी नेला नाय गो!"

बऱ्याच वेळानं पोर बाहेर आली. पायात काटा मोडलेला, छातीशी करडू. पोटात रात्रभर अन्नाचा कण नव्हता. पण तिनं भाकरी मागितली नाही की पाणी मागितलं नाही. आईचे दोन्ही हात चाचपून ती म्हणाली, "आये, तुला सोडला त्यांनी?"

साहेबांनी मान खाली घातली, ती वर केलीच नाही. मला तर मानही नव्हती खाली घालायला.

पाय रक्ताळला होता, तरी रूपा माझ्यात बसली नाही. राहीनं तिला कडेवर घेतलं, हर्षालीताई करडू घेऊन सोबत चालल्या आणि मी रिकामी परतले.

पुढे साहेबांनी सगळ्या चौकीसाठी शिकवणी मागून घेतली. पहिल्या दिवशी बोलायला राही आणि कमळूलाच बोलावलं. साहेबांनी सगळ्यांसमोर कमळूची माफी मागितली. आता पोलीस पाड्यावर चालत जातात, भाकरी करपत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात कुणी भोंग्यासाठी पैसे मागितले, तर म्हणा, आधी गाडीत बसणाऱ्यांना माणसांशी वागायला शिकवा. लोखंडाला गंज चढला तर तो घासून काढता येतो. लेकराच्या मनात बसलेली भीती तशी निघत नाही.

रूपा कधीमधी आईबरोबर चौकीत येते. हर्षालीताई तिला शेंगदाण्याची चिक्की देतात, ती हसते. मग दोघी माझ्या शेजारच्या वाटेनं घरी निघतात. मला चाकं नाहीत, मी जागची हलू शकत नाही. तरी माझ्याजवळ आल्यावर रूपा आईला पलीकडे ढकलते आणि स्वतः माझ्या बाजूनं चालते.